धुरा ट्रकचा, मग ब्रेक का नाही?

कांद्याच्या हंगामात येवल्याच्या विंचूर चौफुलीवर घटकाभर उभे राहिले तरी आमचे म्हणणे लक्षात येईल. मनमाड–नगर रस्ता आणि नाशिकहून वैजापूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. मालट्रक, एस.टी., मोटारसायकली आणि त्यांच्यामधून बाजार समितीकडे किंवा अंदरसूलच्या उपबाजाराकडे निघालेल्या, काठोकाठ भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. ट्रकला एअर ब्रेक असतो, मागे दिवे असतात. ट्रॉलीला बहुधा दोन्ही नसतात. तरीही वाट दोघांची एकच.

हा विषय आम्ही व्यापार-उद्योगाच्या पानावर घेतो, कारण या ट्रॉल्या आपल्याच वेल्डिंगच्या दुकानांत बांधल्या जातात, आपल्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होतात आणि त्यातला माल आपलेच व्यापारी बांधव घेतात. अपघात झाला की ड्रायव्हरला दोष देऊन सारे मोकळे होतात. आमच्या मते निम्मा दोष कारखान्यातच, ट्रॉली बांधतानाच तयार होतो.

हिशेब साधा आहे. समजा, ट्रॅक्टर दोन टनांचा आणि भरलेली ट्रॉली पाच टनांची. ट्रॅक्टरचा ब्रेक सामान्यतः त्याच्या मागच्या दोन चाकांवरच लागतो. म्हणजे सात टनांचे ओझे दोन चाकांनी थोपवायचे! उतारावर ब्रेक दाबला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर असेल तर आडवी फिरवते. त्यात डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल केली, तर इंजिनाचा आधारही जातो. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हेही विसरू नये.

ट्रकवाल्यांनी हा प्रश्न कसा सोडवला? ओढणाऱ्या गाडीइतकाच ब्रेक ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही दिला. मूळ कल्पना रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ साली असा एअर ब्रेक काढला की नळी तुटून हवा निघून गेली तर डबे मोकाट सुटण्याऐवजी त्यांचे ब्रेक आपोआप लागतात. मोठ्या ट्रेलरमध्ये आज हेच तत्त्व आहे. जोड सुटला, नळी तुटली की ट्रेलर जागीच थांबू लागतो.

आता आपल्या दुकानांकडे पाहू. पुष्कळ ठिकाणी ट्रॉलीसाठी भंगारातला जुन्या ट्रकचा धुरा घेतात. त्या धुऱ्याला मुळात ड्रम होते, ब्रेकशू होते. आपण धुरा ठेवला आणि ब्रेक काढून टाकला! ट्रकचे वजन पेलणारी वस्तू घेतली, ते वजन थांबवणारी सोडून दिली. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवून ट्रॉलीला एअर ब्रेक देता येतो. तेवढे नको असेल तर ट्रॉली पुढे रेटू लागली की दांडीच्या दाबाने आपोआप लागणारा ब्रेकही असतो. हे आपल्या उस्तादांच्या हाताबाहेरचे काम नाही.

कारागीर म्हणतात, "गिऱ्हाईक ब्रेकचे पैसे देत नाही. आम्ही सांगितले तर शेजारच्या दुकानात जातो." शेतकरी म्हणतो, "कांद्याला भाव नाही, ब्रेक कुठून बसवू?" दोघांचेही खरे आहे. पण काही गोष्टींना फारसा खर्च नाही. हुकाच्या पिनेला क्लिप आणि दांडीखालून फुलीसारखी बांधलेली मजबूत साखळी. पिन निसटली तरी ट्रॉली सुटत नाही. मागच्या फाळक्यावर लाल रेडियम आणि दोन दिवे, कारण भरलेल्या ट्रॉलीमागे ट्रॅक्टरचे दिवे झाकले जातात. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवणे; एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो. भरताना दोन चाकी ट्रॉलीत वजन फार मागे गेले तर ट्रॉली झोलते आणि दांडी वर उचलते, फार पुढे आले तर ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होऊन स्टिअरिंग धरत नाही. पंक्चर काढताना चाकाला लावलेले उटीचे दगड निघताना उचलावेत. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मान्य आराखडा सोडून साटा उंचावला, नोंदणी नसली किंवा ट्रॉलीचा विमा उतरवलेला नसला, तर अपघातानंतर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो. एका फेरीत वाचवलेले भाडे तेव्हा कामास येत नाही.

आमची सूचना एवढीच. येवल्यातील ट्रॉली बांधणाऱ्या कारागिरांनी एकत्र बसून ठरवावे की साखळी, दिवे आणि ब्रेक यांशिवाय नवी ट्रॉली दुकानाबाहेर जाणार नाही. सर्वांनी मिळून ठरवले तर गिऱ्हाईक शेजारी जाण्याचा प्रश्नच उरत नाही. व्यापाऱ्यांनीही वेळेच्या घाईसाठी जादा भरलेली, बिनदिव्याची गाडी रात्री बोलावू नये. येवल्याचा विणकर पैठणीचा एक धागा चुकला तर उकलून पुन्हा विणतो. त्याच गावात लोखंडाचे काम करणाऱ्याने आपल्या नावाची इतकी तरी काळजी घ्यावी. पैठणीतली चूक दिसते, ट्रॉलीतली चूक मात्र कुणाच्या तरी घरी मय्यत घेऊन जाते.