आपल्याच माणसाची जुनी गाडी



गेल्या लेखात घरच्या इन्व्हर्टरबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी फोन करून शंका विचारल्या, त्याबद्दल आभार. आज विषय थोडा वेगळा आहे. सॉफ्टवेअरवाल्याने गाड्यांवर का लिहावं, असं कुणी विचारेल. पण जुनी गाडी तपासणं आणि दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्रॅम हातात घेणं यात फार फरक नाही. दोन्हीकडे वरून सगळं चकचकीत असतं आणि आत कुणी काय ठिगळं लावली ते कळायला वेळ लागतो.

माझा भाचा तेवीस वर्षांचा. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, हाताशी साडेचार लाख जमले. दिवाळीच्या आधी म्हणाला, "मामा, मला जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यायची आहे." दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन. "त्याला समजाव. नाही ऐकलं तर निदान त्याच्याबरोबर जा."

समजावणं मला जमणार नव्हतं. मी इंजिनीअरिंगला होतो तेव्हा होस्टेलच्या कपाटाच्या दारावर याच गाडीचा फोटो होता. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, वीस व्हॉल्व्ह, पाच गिअर. परदेशात ती १८० हॉर्सपॉवरची होती, आपल्याकडे १५० ची आली. पण त्या काळी आपल्या रस्त्यांवर तेवढीसुद्धा भरपूर होती.

तरी भाच्याला एक गोष्ट आधीच सांगितली. साधी जुनी गाडी दमलेली असते, वेगाची जुनी गाडी दमवलेली असते. तिच्या पहिल्या मालकाने ती बाजारहाटासाठी घेतलेली नसते. म्हणून किंमत ठरवताना जास्तीचे वीस-पंचवीस टक्के बाजूला ठेवायचे आणि ते गाडी घेतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत खर्च होणार हे धरूनच चालायचं. हा माझा ठोकताळा आहे, पण अजून तरी फसलेला नाही.

गाडी सापडली ती आपल्याच मंडळातल्या एका काकांकडे, मांजलपूरला. २००६ ची. त्यांच्या मुलाने पहिल्या नोकरीत कर्ज काढून घेतलेली. तो आता सहा वर्षं कॅनडात आहे. काका दर रविवारी कव्हर काढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत आणि पुन्हा कव्हर घालत. म्हणाले, "साडेतीन लाख द्या. घरातलीच माणसं आहात, तपासायचं काय त्यात?"

आपल्याकडे खरी अडचण इथेच होते. अनोळखी माणसाच्या गाडीखाली आपण बिनदिक्कत झोपतो. ओळखीच्या घरी चहा पिऊन बॉनेट उघडा म्हणायची लाज वाटते. मी म्हटलं, "काका, उद्या काही निघालं तर पोरगा तुमच्या घरी यायला कचरेल. आजच बघून घेऊ." ते हसले. "बघा."

बॉनेटला हात लावला तर गरम. पाहुणे येणार म्हणून काकांनी प्रेमाने गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. त्यांचा हेतू चांगला होता, पण आमची तपासणी तिथेच संपली. रात्रभर थंड पडलेलं इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. सुरू करताना ते किती वेळ घेतं, साखळीसारखा खडखडाट येतो का, पहिला धूर कसला, हे सगळं थंड असतानाच कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गेलो. बरोबर आमच्या नेहमीच्या गॅरेजचे मिस्त्री होते. त्यांना तास-दोन तासांचे पैसे द्यावे लागले, पण गाडी घेताना यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही.

धुराचं गणित सोपं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी थोडा वेळ नुसती उभी चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा भपकारा आला तर टर्बोचं किंवा व्हॉल्व्हचं सील संशयास्पद. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. या गाडीचा धूर स्वच्छ होता. मात्र ऑइलच्या झाकणाखाली किंचित पिवळट साय दिसली. मिस्त्री म्हणाले, ही रविवारच्या दहा मिनिटांची कमाई. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडत नाही. कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग नव्हता, म्हणून आम्ही पुढे गेलो. तवंग असता तर तिथूनच घरी आलो असतो.

मग टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. गाडी फक्त ६८ हजार किलोमीटर चालली होती, म्हणून काकांना वाटत होतं की बेल्ट नवाच आहे. पण रबर किलोमीटरने झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. बेल्ट बदलल्याचं बिल फाइलमध्ये नव्हतं, आणि बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. याच बेल्टवर पाण्याचा पंप फिरतो आणि जुन्या पंपांच्या आतला पंखा प्लॅस्टिकचा असे, तो तडकतो. त्यामुळे बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकाच वेळी बदलायचे. मिस्त्रींनी यासाठी मजुरीसकट चाळीस हजार धरले.

टायर दिसायला नवे होते, नक्षी खोल. पण टायरच्या बाजूला चार आकडी छापील खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तिथे १४१७ होतं, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. वेगाच्या गाडीला असे टायर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. चारही बदलायचे ठरले.

हालोल रोडला चालवून पाहिली. क्लचची परीक्षा अशी : चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच घसरतोय. रिकाम्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवायचं. टक्-टक् आवाज आला तर ॲक्सलचे सांधे गेलेत. जोरात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. क्लच ठीक निघाला, सांधेही ठीक. डिस्कवर उभं राहून गंज धरला होता.

आणखी एक. अशा गाड्यांना हौशी मालक इंजिनचं प्रोग्रॅमिंग बदलून जास्त ताकद काढतात. ते कसं केलंय कळल्याशिवाय घेऊ नये. आम्ही संगणक जोडला. त्यात जुन्या चुका नोंदलेल्या सापडल्या, आणि मला उलट बरं वाटलं. नोंदवही कोरी करकरीत दिसली तर समजावं की कालच कुणीतरी पुसली आहे.

शेवटी मिस्त्री पुढच्या दिव्यांजवळ बसले. उजव्या दिव्यावर निर्मितीचं साल २००६, डाव्यावर २०११. मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. दारांवर शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे कारखान्यातला रंग. पुढच्या डाव्या मडगार्डवर पाचशेच्या वर. याचा अर्थ खाली लांबी भरली आहे. बोल्टच्या कडाही पान्याने खरवडलेल्या.

"काका, गाडीला कधी ठोकर लागली होती का?"

"कधीच नाही," ते लगेच म्हणाले. मग दिव्याकडे बघत थांबले. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्या वर्षी तो पुण्याहून ट्रेनने आला होता. गाडी मित्राकडे ठेवली आहे म्हणाला. पंधरा दिवसांनी घेऊन आला." आणि आत जाऊन त्यांनी पाणी आणलं, जे कुणी मागितलं नव्हतं.

भाचा माझ्याकडे बघत होता. किंमत पाडून मागायची हीच वेळ, हे त्यालाही कळत होतं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मिस्त्रींनी गाडी वर घेऊन चॅसीचे पुढचे दांडे पाहिले. ते सरळ होते, कारखान्यातले वेल्ड शाबूत. अलाइनमेंटचे आकडेही मर्यादेत आले. मार वरवरचा होता. दांडे वाकलेले असते तर फुकट मिळाली तरी घेऊ नको, असं मी भाच्याला सांगितलं असतं.

संध्याकाळी काकांचाच फोन आला. "दोन लाख ऐंशी द्या. मी कधी ठोकली नाही म्हणालो ते खोटं निघालं."

आता कागदपत्रं. आरसी मुलाच्या नावावर, म्हणजे विकणारा तो, काका नव्हेत. फॉर्म २९ आणि ३० वर सही त्याचीच लागते. कर्ज २०११ लाच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते काढायला बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. याची २०२६ पर्यंतच आहे, म्हणजे लवकरच पुन्हा फिटनेस, आणि २०२२ पासून त्याची फीसुद्धा भरपूर वाढली आहे. दिल्लीकडच्या जुन्या गाड्या तिथल्या निर्बंधांमुळे स्वस्त मिळतात, पण त्यांना एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी लागते, हे जोडून मगच स्वस्त म्हणावं. विम्यातला नो-क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

आम्ही पंचवीस हजार बयाणा दिला, साध्या कागदावर लिहून. बाकीचे पैसे सही झाल्यावर. काकांना वाईट वाटेल अशी भीती होती. ते म्हणाले, "असंच करायला हवं."

मुलगा नाताळच्या सुट्टीत आला. सह्या करायला भाचा गेला तेव्हा मीही बरोबर होतो. सगळे कागद झाल्यावर तो वडिलांना म्हणाला, "बाबा, लोणावळ्याला ठोकली होती. हप्ते चालू होते, तुम्ही विकायला लावाल म्हणून सांगितलं नाही." काका म्हणाले, "लावली असती." मग विचारलं, "तुला लागलं होतं का?" त्याने नाही म्हटलं. काकांनी चौदा वर्षांनी पहिल्यांदा हा प्रश्न विचारला, आणि त्यांना तोच विचारायचा होता असं मला वाटलं.

गाडी त्या दिवशी भाच्याच्या घरी गेली नाही. टो करून थेट गॅरेजमध्ये गेली. बेल्ट, पंप, टायर, डिस्क, ऑइल, सगळं मिळून एक लाख पंधरा हजार. त्याच्या साडेचार लाखांत ते बसलं, म्हणून ताई सध्या माझ्याशी बोलते आहे.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी एवढं तरी करावं : सकाळी थंड इंजिनवर जा, आपला मिस्त्री न्या, बेल्टचं बिल मागा, टायरचं साल वाचा, दोन्ही दिव्यांची सालं ताडून पाहा, आरसीवरच्या माणसाशीच बोला. आणि गाडी ओळखीच्याची असेल तर यातलं काहीच गाळू नका.

पुढच्या लेखात भेटू.