नसत्या चौकशा

मैत्रिणींनो, ‘भोचक’ हा शब्द पुरुषाला लावलेला कधी ऐकलाय? मी तरी नाही. पुरुषानं चार ठिकाणी विचारपूस केली की तो माहितगार माणूस. बाईनं केली की भोचक, चोंबडी, नसत्या चौकशा करणारी. आणि म्हणूनच मला मिस मार्पल ही म्हातारी फार आवडली. तिचं सगळं भांडवलच नसत्या चौकशा!

आम्ही घाटनांदूरच्या सात-आठ जणींनी मिळून दुपारच्या वेळी अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ वाचून काढली. कादंबरी १९५० सालची. एकीनं मराठी अनुवाद मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी भाजी निवडत, शेंगा फोडत ऐकायचं. घरच्या पुरुषमंडळींनी अर्थातच नाकं मुरडली. “खुनाच्या गोष्टी काय वाचायलात? वाचायचंच तर काही चांगलं वाचा.” आता आमच्या मागच्या पिढीतल्या पुरुषांनी बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड रात्र-रात्र जागून संपवले. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय हवेत गेल्या? पण ते वाचन, आणि आमचा टाइमपास!

गोष्ट अशी. इंग्लंडमधलं एक लहानसं खेडं. तिथल्या पेपरात एका सकाळी जाहिरात येते, की अमुक घरात शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे. ज्या बाईचं घर, त्या मिस ब्लॅकलॉकलाही याची खबर नाही. सगळा गाव कसली ना कसली सबब काढून तिथं हजर. साडेसहाला दिवे जातात, गोळ्या सुटतात, आणि दिवे आल्यावर एक परका तरुण मरून पडलेला.

इथंच आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू म्हणाल्या, “म्हणजे तिकडं पण असंच की! कुणाच्या घरी काही झालं की साखर मागायच्या निमित्तानं जायचं.” आम्ही खूप हसलो. पुढे त्या गावातल्या बाया अंडी, लोणी, कोळसा गुपचूप एकमेकींना देतात-घेतात तेव्हा तर काकूंना इंग्लंड एकदम सोयऱ्याचं गाव वाटायला लागलं. महायुद्धानंतरही तिकडं रेशन होतं, ते १९५४ पर्यंत चाललं, हे ऐकून त्यांना भारीच समाधान वाटलं.

मतं मात्र एकाची एकाला जुळेनात. एकीची तक्रार नावांची. इतकी माणसं आणि इतकी अवघड नावं, की शेवटी एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर कोण कुणाचं कोण ते लिहून ठेवावं लागलं. दुसरीला शेवट पटला नाही. सगळ्यांना एका खोलीत जमवून उलगडा करायचा, हे तिला नाटकी वाटलं. “पोलीस असं एका म्हातारीच्या नादी लागतात होय?” हा तिचा सवाल. मला तो पटतो. इन्स्पेक्टर क्रॅडॉक जितक्या आदरानं मिस मार्पलचं ऐकून घेतो, तितक्या आदरानं कुठल्या चौकीत बाईचं ऐकलं जातं, ते तुम्हीच आठवून बघा.

खरा वाद पेटला तो डोरा बनरवरून. ही मिस ब्लॅकलॉकची शाळेतली मैत्रीण, उतारवयात तिच्या आश्रयाला आलेली. विसरभोळी, गडबडी, बोलता बोलता भरकटणारी. ती परत परत सांगते की खोलीतला दिवा बदललाय, आधी होता तो हा नव्हे. कोणी मनावर घेत नाही. “तिचं काय, ती अशीच,” म्हणून सोडून देतात. आमच्यातली एक, जी एरवी फारसं बोलत नाही, ती म्हणाली, “घरातला दिवा बदललेला कुणाला कळंल? जी रोज पुसती तिलाच.” पुढे डोराचं जे होतं त्यावर दोघी तर लेखिकेवर चिडूनच बसल्या. गुन्हेगार सापडला तरी डोरा गेलीच ना, असं त्यांचं म्हणणं.

तशीच मिट्झी, त्या घरातली स्वयंपाकीण. युद्धात घरदार गेलेली निर्वासित. खोटारडी, कांगावखोर म्हणून सगळे तिची चेष्टा करतात, आणि लेखिकाही करते. हे मला खटकलं, आजही खटकतं. एवढं सोसलेल्या बाईवर विनोद कसले? अर्थात शेवटी सापळा लावताना मिट्झीचीच मदत लागते, तेवढी भरपाई लेखिकेनं केली आहे म्हणायची.

मिस मार्पल एका कागदावर खुणेचे शब्द लिहून ठेवते, त्यात दिवा, ॲस्पिरिन, आयोडीन, मोती असलं सगळं येतं. रक्ताचे डाग नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. घरातल्या वस्तू आणि माणसांच्या खोडी. हलकीफुलकी म्हणून या पुस्तकांना बाजूला सारतात. पण हलकं म्हणजे काय, तर रात्री भीती न वाटता झोप येते, एवढंच. आत जे आहे ते हलकं नाही. पूर्वी गावात नवा माणूस आला की कुणाची तरी ओळख, चिठ्ठी घेऊन यायचा. आता तो स्वतःविषयी सांगेल तेच खरं धरायचं, असं त्यात मिस मार्पल म्हणते. हे ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. परगावच्या मध्यस्थानं स्थळ आणायचं, मुलगा ‘कंपनीत’ आहे म्हणायचं, आणि कुठली कंपनी, पगार किती, आधी लग्न झालंय का, हे मुलीच्या आईनं विचारलं की “बायकांनी नसत्या चौकशा करू नयेत” म्हणून तिला आत पाठवायचं. मी म्हणते, कराव्यात. भरपूर कराव्यात. त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत जाऊन कराव्यात.

आमच्यातल्या अंगणवाडीच्या ताईंनी मग वेगळाच विषय काढला. त्या म्हणाल्या, आपल्याला इंग्लंडला कशाला जायला पाहिजे? आमच्याच रेल्वेमार्गावरचं परळी घ्या. २०१० मध्ये लेक लाडकी अभियानाच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका दवाखान्यात चोरून चालणारं गर्भलिंगनिदान उघडं पाडलं. त्यांची रीत अशी की एखादी गरोदर बाई पेशंट म्हणून आत जाते, मुलगा की मुलगी विचारते, आणि पुरावा घेऊन बाहेर येते. पोटात लेकरू, समोर पैसेवाला डॉक्टर, आणि ही ना पोलीस ना वकील. त्या दवाखान्याचं प्रकरण २०१२ मध्ये एका बाईच्या मृत्यूनंतर राज्यभर गाजलं, पुढे कोर्टात शिक्षाही झाली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये ८९४ होत्या.

“मुली कमी व्हायल्यात हे आम्हाला हजेरीपटावरच दिसायचं,” ताई म्हणाल्या. “पण आम्हाला विचारलं कुणी?”

त्यावर काकूंनी डोरा बनरचं नाव घेतलं. पुठ्ठ्यावरची बाकीची नावं त्या विसरल्यात, हे एक मात्र पक्कं लक्षात आहे.

तुमच्यापैकी कुणी ही कादंबरी वाचली असेल तर कशी वाटली ते जरूर लिहा. मिट्झीबद्दल तर आवर्जून लिहा, कारण माझं मत आमच्या घोळक्यातल्या निम्म्या जणींना मान्य नाही. फक्त गुन्हेगाराचं नाव पत्रात नको. शेजारच्या सूनबाईनं पुस्तक कालच नेलंय, आणि ती अजून केकपर्यंतच पोहोचली आहे.