आधीं गांव ठरवा, मग गाडी जुंपा

चाकण-खेडच्या शेतकऱ्यास कांदा कसा करावा हें कोणी शिकवावयास नको. पावसाळी लाल कांदा चाळींत टिकत नाहीं, तो निघाला कीं बाजार गांठावा लागतो. भाव पाहून विकावयाचा असेल तर उन्हाळी कांद्याचेंच बी धरावें लागतें. म्हणजे माल कोठें व केव्हां जाणार हें रोप टाकण्यापूर्वींच ठरलेलें असतें. सुतारहि लांकडावर वाकस घालण्यापूर्वीं विचारतो कीं, दादा, कुळव करावयाचा कीं तिफण? हें शहाणपण आमचे लोक शेतांत व कामाच्या ओट्यावर रोज वापरतात. पण जमीन विकणें, मुलास कारखान्यांत घालणें, पिढीजात धंदा सोडून नवा धरणें, अशा जन्माच्या गोष्टी करितांना मात्र तेंच शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवितात. याविषयीं चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस जरूर वाटतें.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलें, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील शेतें एकामागून एक कारखान्यांखालीं गेलीं. पुढें तीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणास पोंचली, व महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गांवांच्या शिवारांत बाजरीच्या जागीं मोटारी निघूं लागल्या. कारखाने आले याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्यांनीं कित्येक घरांत महिन्याच्या महिन्यास पगार आणला, मुलांस शाळा दाखविली. आमची तक्रार निराळी आहे. इतका मोठा पालट पत्करतांना पुष्कळ घरांनीं तो कशासाठीं पत्करावयाचा हें ठरविलेंच नाहीं. "पैसा येईल", "पोरगा कंपनींत लागेल", "सगळें नीट होईल", हा हेतु नव्हे, ही नुसती आशा आहे. आशेला माप नसतें व मुदतहि नसते, म्हणून ती फसली हें वेळेवर कळत नाहीं.

जमिनीचा पैसा घरांत येतो त्या दिवसाचा विचार करा. दलालाचा हेतु ठरलेला असतो, त्यास दलाली पाहिजे. गाडी विकणाराचा ठरलेला असतो, त्यास गाडी खपवावयाची असते. मंगल कार्यालयवाला, मांडववाला, सावकारी करणारा, निवडणुकीस उभा राहणारा, या सर्वांचे हेतु पक्के असतात. ठरलेला नसतो तो एकट्या धन्याचा! मग ज्याचा हेतु पक्का त्याच्याकडे पैसा वाहत जातो, आणि आंधळें दळतें नि कुत्रें पीठ खातें अशी गत होते. लग्नांत एका दिवसांत एकराची किंमत उधळली जाते, आणि पुढें त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या फाटकावर धन्याचा मुलगा ठेकेदाराकडे रोजंदारीनें उभा राहतो. यांत नशिबास बोल लावण्यांत काय अर्थ?

कोणी म्हणेल, गरिबानें हेतु ठरवून काय होणार? त्यास आम्हीं पुण्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवितों. हडपसरच्या मगरपट्ट्यांतील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनीं, शहर अंगावर येतांना पाहून, आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यानें विकण्याचें नाकारिलें. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं आपली कंपनी काढली, व ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा असें ठरविलें. जमिनीवरची मालकी जाऊं द्यावयाची नाहीं, नगर आपणच वसवावयाचें, आणि त्यांतील कामधंदा आपल्या मुलांच्या हातीं राखावयाचा, हा त्यांचा हेतु विटेवर वीट चढण्यापूर्वीं ठरला होता. त्यांची जमीन शहरालगत होती व भाऊबंदकी एका विचाराची होती, हें खरें. जेथें सरकारच जमीन संपादन करितें तेथें हा मार्ग प्रत्येकास मोकळा नाहीं, हेंहि खरें. पण मोबदल्याचा पैसा हातीं आल्यावर त्याचें काय करावयाचें हें ठरविण्यास कोणता कायदा आडवा येतो?

हेतु कसा असावा याचा धडा आमच्याच घरचा आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं जो हुकूम काढिला, त्यांत मागासलेल्या वर्गांचें कल्याण व्हावें अशी गोड इच्छा करून ते थांबले नाहींत. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा या वर्गांस द्याव्या असा आंकडा त्यांनीं घातला, आणि प्रत्येक खातेप्रमुखानें नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनीं पाठवावा असेंहि बजाविलें. आंकडा असल्यामुळें चुकवेगिरी उघडी पडते, आणि त्रैमासिक तक्ता असल्यामुळें ती वर्ष उलटण्यापूर्वींच उघडी पडते. आमच्या घरांनीं एवढी एक रीत उचलली तरी पुष्कळ झालें.

मुलाच्या नोकरीचीच गोष्ट घ्या. "कंपनींत लागला" एवढ्यावर पेढे वांटले जातात. पण कशावर लागला? १९६१ च्या कायद्याप्रमाणें शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, आणि करारांत तसें लिहिलें नसेल तर मुदत संपल्यावर त्यास ठेवून घेण्याचें बंधन मालकावर नाहीं. हें ज्यास ठाऊक नाहीं तो वर्षभर कायम होण्याची वाट पाहतो व शेवटीं रिकाम्या हातानें बाहेर पडतो. ज्यास ठाऊक आहे तो आयटीआयचीं दोन वर्षें फिटरचें किंवा मशिनिस्टचें काम शिकतो, उमेदवारींत सीएनसी यंत्रावर हात बसवितो, परीक्षा देऊन प्रमाणपत्र खिशांत घालतो, आणि तें घेऊन दुसरें दार ठोठावतो. फाटक एकच, पाळीहि एकच, पण एकाचें वर्ष वायां गेलें व दुसऱ्याचें भांडवल झालें.

आणि कायम झाला तरी नोकरी म्हणजे वतन नव्हे. आकुर्डीस बजाजचें उत्पादन २००७ सालीं थांबलें, तळेगांवास जनरल मोटर्सचें २०२० च्या अखेरीस. यासाठींच "नोकरी लागावी" हा शेवटचा मुक्काम धरूं नये. हातीं कोणतें कसब यावें, पांच वर्षांत कोणतें कर्ज फिटावें, घराची कोणती जमीन कोणत्याहि भावानें विकावयाची नाहीं, हें ठरवावें.

आणखी एक गोष्ट रागावूं नये म्हणून हळूच सांगतों. हेतु ठरवावयास ओट्यावर फक्त पुरुष बसतात, आणि घरच्या लेकी-बहिणींस बोलावणें जातें तें हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरतें! वडिलार्जित मिळकतींत मुलीचा मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रांत १९९४ पासून व सबंध देशांत २००५ पासून कायद्यानें मान्य आहे. जिची सही पाहिजे तिचा सल्ला नको, हा कोठला न्याय? चूल चालविणारी बाई महिन्याचा हिशेब पुरुषापेक्षां चोख ठेविते. तिला विचारून ठरविलेला हेतु सहसा हवेंत राहत नाहीं.

तेव्हां बंधुभगिनींनो, पालट करूं नका असें आम्हीं म्हणत नाहीं. अवश्य करा. पण सातबाऱ्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं, मुलाचा अर्ज भरण्यापूर्वीं, धंद्यासाठीं कर्ज काढण्यापूर्वीं सबंध घर एकत्र बसवा आणि कोऱ्या कागदावर एक ओळ लिहा: काय मिळवावयाचें, किती, केव्हांपर्यंत, आणि त्यासाठीं काय करावयाचें नाहीं. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. तो कागद सातबाऱ्याच्या पिशवींतच ठेवा व दर तीन महिन्यांनीं काढून वाचा. परिस्थिति पालटली तर ओळ बदलावी, त्यांत कमीपणा नाहीं. पण ओळच लिहिली नसेल, तर ती दुसरा कोणी लिहील, आणि त्यांत तुमच्या मुलांचें नांव नसेल.