पोलिसांची टिपणी म्हणजे बातमी नव्हे

भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने ठार मारले. एका संध्याकाळी, गावाच्या डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट. तरी मोठ्या वर्तमानपत्रांत ती सविस्तर छापून यायला जवळजवळ महिना गेला. त्याआधी ज्या त्रोटक बातम्या आल्या, त्यांत हत्येचे कारण म्हणून बाईच्या ‘अनैतिक संबंधां’चा उल्लेख होता. जमिनीचा वाद, जात आणि आधीच्या एका मारहाणीत मायलेकींनी दिलेली साक्ष हे सगळे मागे पडले. कार्यकर्ते गावात जाऊन आले, त्यांनी अहवाल लिहिले, नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे माध्यमांना जाग आली.

‘माध्यमे हा लोकशाहीचा चौथा स्तंभ’ हे वाक्य आपण सभांमधून नेहमी ऐकतो. बायकांनी ते जरा तपासून घ्यायला हवे. वार्ताहर पोलीस ठाण्यात जातो, तिथे मिळालेली टिपणी उतरवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी ती छापून येते. त्यात खोटे बोलण्याचा हेतू असेलच असे नाही. वेळ नसतो, प्रवासखर्च मिळत नाही, बातमीदार बहुतेक वरच्या जातीतले पुरुष असतात. पण याचा परिणाम असा की ज्या यंत्रणेवर लक्ष ठेवायचे, तिचेच म्हणणे सत्य ठरते. अत्याचारित बाईची ओळख उघड करू नये असे कायदा १९८३ पासून सांगतो. नाव झाकले जाते, मात्र तिच्या चारित्र्याची चर्चा पहिल्याच दिवशी सुरू होते.

सुरुवातीला नोंदले गेले नाही, ते पुढे सिद्ध करणे फार अवघड असते. खैरलांजी प्रकरणात २००८ साली आठ जणांना शिक्षा झाली. त्यातल्या सहा जणांची फाशी २०१० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा न्यायालयाने मान्य केला नाही, लैंगिक अत्याचाराचाही नाही. तपास ढिला होता हे खरेच. पण तपास ढिला राहतो तेव्हा बाहेरून विचारणारे कोणी होते का, हाही प्रश्न आहे.

विचारणारे असले की काय होते, हे हाथरसने दाखवले. तिथली दलित तरुणी २९ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीच्या रुग्णालयात वारली. त्याच रात्री पोलिसांनी घाईने तिचा अंत्यविधी उरकला. घरच्यांना दूर ठेवले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. एका महिला पत्रकाराने ते दृश्य कॅमेऱ्यात टिपले म्हणून देशाला कळले. १ ऑक्टोबरला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. याच दिवसांत गाव पत्रकारांना बंद करण्यात आले. तिकडे निघालेले केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ५ ऑक्टोबरला अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जामीन दिला, तरी ते सुटले फेब्रुवारी २०२३ मध्ये. गावात जाऊन पाहण्याची किंमत दोन वर्षांहून जास्त तुरुंगवास! सरकारला बातमीदाराचे इतके भय का वाटते, हे यावरून समजावे.

म्हणून पत्रकारांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पत्रकार संघटनांवर सोडून भागणार नाही. तो आपलाही आहे. आणि बातमी कोण लिहिते, हाही आपलाच प्रश्न आहे. बाबासाहेबांना १९२० साली ‘मूकनायक’ काढावा लागला, तो आपले म्हणणे दुसऱ्यांच्या पत्रांतून येत नव्हते म्हणून. त्याच्याही आधी तानुबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधू’ चालवला. २००२ साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये ग्रामीण, बहुतांशी दलित बायकांनी ‘खबर लहरिया’ बुंदेली बोलीत सुरू केले. त्या स्वतः गावोगाव फिरून बातम्या आणू लागल्या. रस्ता, रेशन, हातपंप आणि बाईवरचा अत्याचार यांना त्यांनी एकाच पानावर जागा दिली.

मैत्रिणींनो, आपल्या गटांना करता येईल असे बरेच आहे. जिल्ह्याच्या पत्रात अत्याचाराची बातमी आली की ती माहिती कोणी दिली ते पाहा. बाईच्या घरच्यांचे म्हणणे त्यात नसेल, तर संपादकाला गटाच्या नावाने पत्र लिहा, आणि छापले नाही तर जाऊन भेटा. घटनास्थळी गेलात तर तारीख, वेळ, कोण काय म्हणाले याची नोंद त्याच दिवशी करा. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहरावर दबाव आला, तर त्याच्या किंवा तिच्या पाठीशी उघडपणे उभ्या राहा. आणि गटातली एखादी मुलगी बातमी लिहायला शिकते म्हणाली, तर तिचे घरकाम चार जणींनी वाटून घ्या.