पिस्तुलांची सरकारी यादी: सूट कोणाला, हे आधी वाचा

१/
अमेरिकेत पिस्तूल विकत घेणे म्हणजे भाजी घेण्याइतके सोपे, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात तेथील काही राज्यांत विक्रेत्याने कोणते पिस्तूल विकावे, हे राज्य सरकारची यादी ठरवते. शेजारच्या राज्यात राजरोस विकले जाणारे मॉडेल यादीत नसेल, तर ते सामान्य ग्राहकाला विकणे हा गुन्हा ठरतो. आजचा धागा अशा निर्बंधांच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासाविषयी.

२/
माझे मत आरंभीच सांगते. यादीत काय आहे आणि काय नाही, यावर बहुतेक वाद होतात. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी सूट देणारे कलम आधी वाचते. कायद्याचा जाहीर हेतू प्रस्तावनेत लिहिलेला असतो. कायदा करणाऱ्यांचा विश्वास कोणावर होता, हे मात्र सूट देणाऱ्या कलमात कळते.

३/
सुरुवात टेनेसी राज्यापासून. १८६५ मध्ये अमेरिकी यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी संपुष्टात आली. मे १८६६ मध्ये याच राज्यातील मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने तीन दिवस हिंसाचार करून ४६ कृष्णवर्णीयांचे प्राण घेतले. कू क्लक्स क्लॅनचा उगमही याच राज्यातील पुलास्की गावचा. शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा त्या काळी जीवनमरणाचा प्रश्न होता.

४/
मिसिसिपी राज्याने १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याविना बंदूक बाळगण्यास थेट मनाई केली होती. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. त्यानंतर वंशाचा उघड उल्लेख करून असा कायदा करणे अवघड झाले. पुढचे कायदे माणसाविषयी न बोलता वस्तूविषयी बोलू लागले.

५/
१८७१ मध्ये ‘अँड्र्यूज विरुद्ध राज्य’ या खटल्यात टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने सैनिकाला उपयुक्त अशा शस्त्रांना घटनेचे संरक्षण असल्याचे मानले. विधिमंडळाने या निकालातूनच वाट काढली. १८७९ च्या कायद्याने सर्व प्रकारच्या पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी आली. अपवाद फक्त लष्कर व नौदलाच्या पिस्तुलांचा. विक्रेत्याने काय विकावे हे ठरवणाऱ्या अमेरिकी कायद्यांतील हा एक आरंभीचा कायदा.

६/
१८८१ मध्ये टेनेसीच्या न्यायालयाने ‘राज्य विरुद्ध बर्गॉइन’ खटल्यात हा कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी आर्कान्सासने जवळपास तसाच कायदा केला. कागदावर तो सर्वांना सारखा लागू होता. पण लष्करी बनावटीचे मोठे रिव्हॉल्व्हर महाग होते आणि युद्धात लढून आलेल्या अनेकांच्या घरी ते आधीपासूनच होते. बंदी आली ती खिशात मावणाऱ्या, थोडक्या डॉलरांत मिळणाऱ्या पिस्तुलांवर.

७/
या कायद्यांच्या हेतूविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे यांना निःशस्त्र ठेवणे हाच उद्देश होता. इतरांच्या मते लपवून बाळगलेल्या पिस्तुलांनी होणारे खून थांबवणे ही खरी चिंता होती. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ज्याला लष्करी पिस्तूल परवडत होते, त्याचे काही अडले नाही.

८/
आपल्या इतिहासातील एक कायदा येथे आठवतो. टेनेसीच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्र कायदा झाला. त्यातील परवान्याच्या अटीतून युरोपियनांना सूट होती. दोन्ही कायद्यांचा परस्परसंबंध नाही. पण तुलना उपयोगी आहे. येथे सूट वंशावर उघडपणे बेतलेली होती, तेथे ती किमतीच्या आडून आली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या भेदभावाविरुद्ध ठराव का होत होते, ते यातून समजते.

९/
आता विसाव्या शतकात येऊ. १९६८ च्या संघीय शस्त्र कायद्याने ‘क्रीडेसाठी योग्य’ नसलेल्या स्वस्त पिस्तुलांची आयात रोखली. मात्र सुट्या भागांची आयात चालूच राहिली, आणि ते अमेरिकेत जोडून विकले जाऊ लागले. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडल्या गेल्या, ते याच पद्धतीने बाजारात आलेले स्वस्त रिव्हॉल्व्हर होते.

१०/
आणखी एक सूट लक्षात घ्यावी. १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी संघीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला. त्यातून बंदुका वगळण्यात आल्या. परिणामी खेळण्यातल्या पिस्तुलाच्या सुरक्षिततेची चौकशी हा आयोग करू शकतो, खऱ्या पिस्तुलाची नाही. हात निसटून पडले तरी गोळी सुटणारे पिस्तूल बाजारातून मागे घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. पुढे राज्यांनी आपापल्या याद्या केल्या, त्या ही पोकळी भरण्यासाठी.

११/
मेरीलँड, १९८५. स्वस्त पिस्तुलाचा निर्माता त्यातून घडलेल्या गुन्ह्यातील इजेसाठी जबाबदार धरला जाऊ शकतो, असे तेथील वरिष्ठ न्यायालयाने म्हटले. १९८८ मध्ये विधिमंडळाने तोडगा काढला: निर्मात्यांवरील ही जबाबदारी रद्द, त्याऐवजी मंडळाने मान्य केलेल्या पिस्तुलांची यादी. लपवण्याची सोय, नेम, वजन, धातूचा दर्जा, सुरक्षितता असे निकष ठरले. बंदूकसमर्थक संघटनेने सार्वमत घ्यायला लावले. मतदारांनी कायदा राखला.

१२/
मॅसॅच्युसेट्समध्ये दोन चाळण्या आल्या. एक, राज्याची मान्य यादी. दुसरी, महाधिवक्त्याचे ग्राहकसंरक्षण नियम. या दुसऱ्या चाळणीची यादीच नव्हती! पिस्तूल पहिल्या यादीत आहे म्हणून विक्रेत्याने विकावे, तर ते नियमांत बसत नसल्याचे कळायचे. काडतूस भरल्याची खूण दाखवणारा भाग नेमका कसा असावा, यावर काही विक्रेते न्यायालयात गेले. नियम संदिग्ध असल्याचा त्यांचा दावा २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने फेटाळला.

१३/
सर्वांत गाजलेली यादी कॅलिफोर्नियाची. कायदा १९९९ चा, अंमल १ जानेवारी २००१ पासून. प्रत्येक मॉडेलमधून ६०० गोळ्या झाडून पाहायच्या, ते सुमारे १ मीटरवरून काँक्रीटवर टाकून पाहायचे. गोळी आपोआप सुटली, तर मॉडेल नापास. या चाचण्यांवर माझा आक्षेप नाही. ज्या घरात लहान मूल आहे, तेथे त्यांचे मोल कोणालाही समजावे लागू नये.

१४/
प्रश्न पुढे निर्माण झाला. २०१३ मध्ये नवी अट लागू झाली: गोळी झाडताना काडतुसाच्या पुंगळीवर पिस्तुलाची ओळख सूक्ष्म अक्षरांत उमटली पाहिजे. तसे पिस्तूल कोणत्याही निर्मात्याने बाजारात आणले नाही. मग सुमारे दहा वर्षे एकही नवे अर्धस्वयंचलित मॉडेल यादीत आले नाही. जुनी मॉडेल्स मात्र, नवी सुरक्षासाधने नसतानाही, वार्षिक शुल्क भरले की यादीत टिकत होती.

१५/
यादी उसनी घेतली की काय होते, हे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसले. शहराने कॅलिफोर्नियाची यादी स्वीकारली. २००९ मध्ये एका रहिवासी महिलेला पिस्तुलाची नोंदणी नाकारण्यात आली. तेच मॉडेल इतर रंगांत यादीत होते. तिचे दुरंगी होते. खटला दाखल झाल्यावर शहराने नियम बदलले.

१६/
आता सूट देणारे कलम. कॅलिफोर्नियाचा कायदा यादीबाहेरील पिस्तुलांना ‘असुरक्षित’ म्हणतो. पण पोलीस अधिकारी ती विकत घेऊ शकतात. तसेच दोन खाजगी व्यक्तींमधील जुन्या पिस्तुलाच्या व्यवहाराला यादी लागू नाही. त्यामुळे यादीबाहेरची पिस्तुले जुन्या बाजारात चढ्या भावाने विकली जातात. ज्याच्याकडे अधिकार वा पैसा आहे, त्याच्यासाठी दार उघडे राहते. टेनेसीत १८७९ मध्ये हेच घडले होते.

१७/
म्हणजे दोन्ही कायदे सारखेच का? माझ्या मते नाही. टेनेसीत पिस्तूल सुरक्षित आहे का, हे कोणी तपासतच नव्हते. कॅलिफोर्नियात पडझडीची चाचणी खरोखर होते. दोन्हींना एका मापाने मोजणारा प्रचार मला मान्य नाही. पण जी वस्तू सामान्य माणसाच्या हातात असुरक्षित आहे, ती पोलिसाच्या हातातून पडली तरी असुरक्षितच असते. ही विसंगती समर्थकांनीही मान्य करावी.

१८/
हा वाद आज इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या दारात आला आहे. २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शस्त्रनिर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत. कॅलिफोर्नियाच्या यादीवर सुनावणी झाली, तेव्हा राज्याने बंदुकीच्या नळ्यांची सक्तीने चाचणी करणारे जुने कायदे पुढे केले. असा एक कायदा मॅसॅच्युसेट्सने १८०५ मध्ये केला होता. मार्च २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ही तुलना नाकारून मुख्य अटींना मनाई केली. अपिलात त्या मनाईला अंशतः स्थगिती मिळाली.

१९/
मला काळजी वाटते ती येथे. जुना कायदा सापडला म्हणजे परंपरा सापडली, असे होत नाही. १८७९ चा कायदा ‘निर्बंधांची परंपरा’ म्हणून सादर करता येतो आणि ‘भेदभावाची परंपरा’ म्हणूनही. कोणाच्या बाजूने तो वापरला जाईल, हे संदर्भ किती सांगितला यावर ठरते. मेम्फिस १८६६ वगळून टेनेसी १८७९ सांगणे म्हणजे अर्धा पुरावा लपवणे.

२०/
चांगल्या यादीच्या माझ्या तीन कसोट्या: निकष मोजता येण्याजोगे असावेत, विक्रेत्याला काय विकता येते हे आधीच, एकाच ठिकाणी कळावे, आणि सुरक्षिततेच्या नावाने केलेल्या नियमातून कोणालाही हुद्द्यावर सूट नसावी. मेरीलँडची यादी दुसऱ्या कसोटीच्या जवळ जाते, कॅलिफोर्नियाच्या चाचण्या पहिल्या. तिसरी पार करणारे राज्य मला अद्याप आढळलेले नाही.

२१/
पुढच्या वेळी कोणताही बंदीचा कायदा वाचाल, मग तो शस्त्रांचा असो, मद्याचा असो वा वृत्तपत्रांचा, तेव्हा प्रस्तावनेवर थांबू नका. सूट कोणाला, हे शोधा. मतभेद असतील तर संदर्भासह जरूर मांडा. चर्चा करायला आवडेल.

(धागा समाप्त)