मीम की ऐन?

मंडळी, आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांत चारमिनार छापाचे चांदीचे दोन-चार रुपये असतातच. ते दिवाळीला बाहेर निघतात, चिंच लावून घासले जातात आणि पुन्हा डब्यात जातात. 'निजामाचा रुपया' एवढीच त्यांची ओळख. वाटणीच्या वेळी सगळे सारखेच समजून मोजून देतात. सराफ तर नुसता तराजूत टाकतो. मला हे पटत नाही.

आधीची पिढी निदान 'हाली की कळदार?' असे विचारायची. सात हाली रुपयांना सहा कळदार, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असे. पण हालीतही फरक आहेत. भिंग घ्या आणि चारमिनाराच्या मधल्या कमानीत बघा. तिथे एक बारीकसे अक्षर आहे. डोक्याला गाठ आणि खाली शेपटी असेल तर ते मीम, म्हणजे महबूब अली खान, सहावे निजाम. ते ऑगस्ट १९११ मध्ये वारले. ऐन असेल तर उस्मान अली खान, सातवे आणि शेवटचे. त्यातही गंमत अशी, की काही नाण्यांवर ऐनचा नुसता वरचा आकडा आहे, तर काहींवर पूर्ण ऐन, साधारण आपल्या ६ च्या वळणाचे. हिजरी साल झिजून गेले असले तरी हे एवढेसे अक्षर कारकीर्द सांगून जाते. आपण मात्र चिंचेने नेमके तेच घासून काढतो!

माझे वडील उर्दूत शिकले. त्यांना हे वाचायला भिंग लागत नसे. रझाकारांच्या काळात लोकांनी जे भोगले, त्यानंतर त्या लिपीचा राग येणे स्वाभाविकच होते. पण राग राजवटीवर असावा, अक्षरांवर कशाला? आमच्या घरची जुनी खरेदीखते त्याच लिपीत आहेत आणि ती वाचायला आज घरात कोणी नाही. निदान आकडे तरी शिकावेत. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे टिंब, सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ त्याच्या उलटा. मास्तरकीची सवय, दुसरे काय! असो.

वाटणीत पाच रुपये नांदेडला गेले आहेत. नातीचे पैंजण करायचे चालले आहे, असे कानावर आले. पैंजण जरूर करा, पण त्यासाठी बाजारातून चांदी आणा. आणि त्या पाचांत मीम किती, ऐन किती, तेवढे मला फोनवर सांगा.