एका रात्रीत कुणी कोरलं?

कोणतंही लेणं घ्या, त्याच्या उंबऱ्यावर पांडव येऊन बसलेले आहेत. नाशिकला पांडवलेणी. आमच्या यवतमाळातून धनोड्याचा पूल ओलांडून माहूरला जा, तिथंही पांडवलेणीच. कार्ल्याला एकवीरेच्या देवळाची गोष्ट ऐका : आईनं हुकूम सोडला आणि पांडवांनी एका रात्रीत देऊळ उभं केलं. एका रात्रीत! दोस्तहो, मी गोदीत माल उचलतो. एका रात्रीत दोन हातांनी काय होतं आणि काय होत नाही, ते मला विचारा.

मला पांडवांशी भांडायचं नाही. ज्याला भीम-अर्जुन प्यारे आहेत त्यानं ते घरी ठेवावेत. माझं भांडण त्या 'एका रात्रीत'शी आहे. कारण एका रात्रीत झालं म्हटलं की मजूर लागत नाही, हजेरी लागत नाही, पगार लागत नाही. कुणाच्या बोटावर घण बसला नाही, कुणाच्या डोळ्यात चिपरी गेली नाही. देव आले, करून गेले. साला, एवढी सोयीची गोष्ट दुसरी नाही.

म्हणून हिशोब करू. मुंबईत बोरिवलीला उतरायचं. तिथल्या जंगलात डोंगरभर शंभराच्या वर लेणी, कान्हेरी. तीन नंबरचं चैत्यगृह आतून ८६ फूट लांब, ४० फूट रुंद. उंची याहून जास्त आहे, पण आपण कमी धरू. सरासरी २० फूट. गुणा. सुमारे ६९ हजार घनफूट होतात, म्हणजे दोन हजार घनमीटरच्या आसपास. काळा दगड घनमीटरला पावणेतीन टन भरतो. खांब आणि स्तूप दगडातच सोडले, ते वजा करा. तरी पाच हजार टन दगड त्या डोंगराच्या पोटातून बाहेर आला. दहा टनी ट्रक धरला तर पाचशे ट्रक. सुरुंग नाही, क्रेन नाही. छिन्नी, घण आणि डोक्यावरची पाटी. आमच्याकडे गिट्टी खदानीवर राबणारा वडार हा आकडा ऐकून हसणार नाही. विद्वान हसेल.

ते काम कसं चालायचं तेही डोंगरावर दिसतं. एक नंबरचं लेणं अर्धवट आहे. समोर दोन दांडगे खांब, मागे चैत्यगृहाची नुसती सुरुवात, आणि काम थांबलेलं. गाईडलोक त्याच्यापुढून भरभर नेतात, म्हणतात, यात पाहण्यासारखं काही नाही. अरे, पाहण्यासारखं तर तेच आहे! तीन नंबरमध्येही ३४ खांबांपैकी निम्म्याच खांबांना बैठक आणि शीर्ष घडवलंय, बाकीचे साधे अष्टकोनी सोडलेत. पैसा संपला, धनी मेला की माणसं दुसऱ्या कामावर गेली, काहीही असो. एका रात्रीतल्या कामात असं अर्धं राहत नसतं. असं अर्धं फक्त मजुरीच्या कामात राहतं.

आता त्याच चैत्यगृहातला शिलालेख. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला, इसवी सनाचं दुसरं शतक. पैसा दिला व्यापारी भावांनी, त्यांची नावं आलीच, पैसेवाल्यांची येतातच. पण पुढं वाचा. कामावर देखरेख करणारा नवकमिक आहे, आपल्या भाषेत मुकादम समजा. 'सेलवढकी' आहेत, म्हणजे दगडाचे कारागीर. दगड घासून गुळगुळीत करणारा 'मिठिक' आहे. अठराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं, की घासणाऱ्यालाही लेखात घ्यावं. आज पुलाच्या कोनशिलेवर मंत्री असतो. सळ्या बांधणारा दाखवा मला.

कान्हेरीतच कल्याणच्या एका लोहारानं वाट बांधून दिल्याचा लेख आहे. कल्याणच्याच सोनारानं पाण्याची पोढी दिल्याचाही लेख आहे. पोढी म्हणजे टाकं. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं दरवाजा केला आणि आपलं व बापाचं नाव दगडात ठेवलं. लोहार, सोनार, सुतार. हे लोक दगडात बोलतात आणि आपण त्यांच्या तोंडावर पांडव थापतो.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी लावली. त्याआधीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मी दोष देत नाही. अक्षर लागत नव्हतं, गोष्ट रचली. पण आता काहून? आता लेख छापलेले आहेत, वाचलेले आहेत. तरी महाशिवरात्रीला बोरिवलीहून जादा बस सुटतात, गर्दी जाते, आणि बुद्धाच्या डोंगरावर शंकराच्या नावानं फिरून येते. लेण्याद्रीला भिक्खूंच्या विहारात गणपती बसलाय. अंधेरीची कोंडिविट्याची लेणी महाकालीच्या नावानं ओळखतात. हे आपण भाषणात सांगतो, टाळ्याही घेतो.

पण आपल्याच पोट्ट्यांना एक विचारतो. लेण्यावर जाऊन आपण करतो काय? 'जय भीम' म्हणतो, स्तूपापुढं हात जोडतो, फोटो काढतो, खाली येऊन वडापाव खातो. पांडवाच्या जागी बुद्ध ठेवला आणि मजूर पुन्हा बाहेरच. आपले कवीही (मी त्यातलाच, म्हणून बोलतो) लिहितात की पाषाणाला फुलं आली. पाषाणाला फुलं येत नाहीत रे. माणसाच्या तळहाताला फोड येतात, त्याचे घट्टे होतात.

कुणी विचारतं, ते दगड फोडणारे आपलेच होते काय? कोणत्या जातीचे? हा सवालच मला नको. दगड फोडणाऱ्याची जात विचारायचं काम बामणानं भरपूर केलंय. माहूरचं लेणं बौद्ध आहे असाही माझा दावा नाही. ते कोणत्याही देवाचं असो, छिन्नी माणसानं धरली होती, एवढ्यावर मी तिथंही हक्क सांगतो.

६ डिसेंबरला यवतमाळ, पुसद, उमरखेडहून आपली माणसं चैत्यभूमीवर येतात. बायाबापे, कडेवर लेकरं. दुसऱ्या दिवशी हातात वेळ असतो, तेव्हा कुणीतरी त्यांना गेटवेवरून लाँचमध्ये बसवून घारापुरीला नेतं. जावं, तेही दगडाचंच काम आहे, आणि तिथं पूर्वेच्या टेकडीवर स्तूप आहे तो कुणी दाखवत नाही, तोही पाहावा. पण कान्हेरी चुकवू नये. येण्याआधी गावच्या विहारात चार रविवार बसून ब्राह्मीची अक्षरं गिरवा. तीसपस्तीस अक्षरं आहेत, मॅट्रिकला यापेक्षा जास्त घोकलंय आपण. आणि येताना एक मोजायची टेप घेऊन या. आधी एक नंबरच्या अर्धवट लेण्यात थांबू, छिन्नीचे घाव बोटानं चाचपू, मग तीन नंबरचा आकडा पुन्हा मांडू. माझी उंची कमी धरलेली आहे. खरी मोजून सांगा.